वांग्यातला सुवेझ

जाफर : थांबा अप्पा. म्या कोटाच्या शेवटच्या दोऱ्याला कात्री लावायच्या आधी एवढंच सांगा, इंग्रज हरला का जिकला?

महालिंगप्पा : हरला बी न्हाय, जिकला बी न्हाय. जाफर, जगाचं राजकारण म्हंजे तुझी शिवणाची मशीन न्हवं, पाय हाणला की सुई खाली. आत काय चाललंय ते बघावं लागतंय. आज इंग्रज कसा हाय? वतन गेलेल्या पाटलावानी. पागोटं हाय, मिशी हाय, चावडीत जाऊन बसायची सवय हाय. पर हाळी मारली तर कुणी उठत न्हाय.

जाफर : अन् फ्रान्स?

महालिंगप्पा : पाटलाचा मेव्हणा.

जाफर : त्याला कशाची सवय हाय?

महालिंगप्पा : पाटलासंगं जायची.

जाफर : अन् अमेरिका?

महालिंगप्पा : अमेरिका म्हंजे गावात पिठाची गिरणी काढलेला माणूस. घरोघरची जाती बंद पडली. आता ज्याला पीठ पायजे त्यानं ह्याच्या दारात डबा घेऊन हुबा ऱ्हायचं. त्यो कुणाला शिवी देत न्हाय, कुणावर हात उगारत न्हाय. नुसता पट्टा काढतो. इंग्रजानं सुवेझवर फौज घातली, दळण अर्ध्यावर आलं, अन् ह्यानं पट्टा काढला. आता इंग्रज डब्यात अर्धं पीठ अन् अर्धे दाणे घेऊन हुबा हाय.

जाफर : रशिया?

महालिंगप्पा : दुसरी गिरणी. दळते किती ते अजून कळलं न्हाय, भोंगा मात्र रोज वाजवती.

जाफर : झकास. समदं डोस्क्यात गेलं. फकस्त एक ऱ्हायलं.

महालिंगप्पा : इचार.

जाफर : त्यात आपलं काय?

महालिंगप्पा : हा सवाल तुझा न्हवं.

जाफर : न्हाय, मल्लम्मा काकीचं हाय. तुमी पेपर वाचून संपवला की आतून त्यांचा आवाज यायचा, त्यात आपलं काय म्हणून. तीन महिने झाले, माहेरी गेल्यापासून कुणी इचारलंच न्हाय. म्हणलं आपून इचारावं. दुकान सुनंसुनं वाटतंय.

महालिंगप्पा : गिऱ्हाईकं असत्यात की दुकानात.

जाफर : गिऱ्हाईकं मान हलवत्यात. शेंगदाणं खात्यात अन् मान हलवत्यात.

महालिंगप्पा : तू कोट शीव.

जाफर : कोट शिवून झालाय.

महालिंगप्पा : झालाय कसा? गळा?

जाफर : श्रावणात तुमी म्हणला गळा बंद पायजे, बंद केला. गणपतीत म्हणला उघडाच बरा, उघडला. दसऱ्याला म्हणला नेहरूंसारखा, तसा केला. दिवाळीत म्हणला खिसा उजव्या अंगाला घे. अप्पा, तुमच्या वट्ट्यावर मशीन मांडून सहा वर्सं झाली. ह्या सहा वर्सांत म्या एवढं कुणाचं उसवलं न्हाय.

महालिंगप्पा : सासुरवाडीला जायचा कोट हाय. घाई करून चालत न्हाय.

जाफर : आळंद काय लंडन हाय का?

महालिंगप्पा : लंडनपेक्षा अवघड. लंडनला माझा सासरा न्हाय. अन् आता तर मामला लईच नाजूक झाला. एक तारखेला काय झालं? हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. म्या राती हैदराबादचा म्हणून निजलो, सकाळी मुंबईचा म्हणून उठलो. ती राती हैदराबादची म्हणून निजली, सकाळी म्हैसूरची म्हणून उठली. एका नवराबायकोत दोन राज्यं. ह्यालाच आंतरराष्ट्रीय संबंध म्हणत्यात.

जाफर : राष्ट्र एकच हाय की, अप्पा. राज्यं दोन हायत.

महालिंगप्पा : तू माझा सासरा बघितला न्हाईस. शिवलिंगप्पा हितं असता तर त्याचं एक वेगळं राष्ट्र निघालं असतं.

जाफर : बरं. आमची सकिनाबी खाला येतीया बघा. आळंदच्या बाजाराला गेलती, आताच कुणाच्या तरी गाडीतनं उतरली. डोस्क्यावर बांगड्यांची पेटी हाय.

महालिंगप्पा : येऊ दे. म्या काय इचारणार न्हाय. आपल्या बाजूनं उतावीळपणा दिसला की बोलणी बिघडत्यात.

सकिनाबी : सलाम, अप्पा. जाफर, पेटी उतरव बेटा. हळू. अर्ध्या आळंदच्या हातात बांगड्या भरून बी अजून चार तोडे शिल्लक हायत.

महालिंगप्पा : बसा सकिनाबी. गूळ घ्या, पाणी घ्या. काय म्हणाली?

जाफर : अप्पा इचारणार न्हवते.

सकिनाबी : कोण काय म्हणाली?

महालिंगप्पा : तिकडची पार्टी.

सकिनाबी : पार्टी? अरे बाबा, लग्नाची बायको हाय तुमची. नाव घ्यायला लाज वाटती तर 'घरातली' म्हणा.

महालिंगप्पा : घरात न्हाय म्हणून तर पंचाईत हाय.

सकिनाबी : हौ, भेटले म्या तिला. बांगड्या भरल्या. डझनभर.

महालिंगप्पा : कसल्या?

सकिनाबी : हिरव्या.

महालिंगप्पा : हिरव्या! जाफर, हे साधं न्हाय. हिरवा रंग निवडलाय म्हंजे त्यात काय तरी इशारा असणार. आता इजिप्तचा झेंडा बघ—

सकिनाबी : इशारा कसला? हिरव्या बांगड्या म्हंजे नवरा जिता हाय.

महालिंगप्पा : तेवढंच?

सकिनाबी : तेवढंच.

जाफर : थोडं न्हाय, अप्पा. मान्यता मिळाली म्हणायची. चीनला अजून युनोत मिळाली न्हाय.

महालिंगप्पा : चेहरा कसा हुता? आवाज? आमचं नाव निघालं तवा डोळं कुठं हुतं?

सकिनाबी : चेहऱ्याचं म्या सांगत न्हाय. तोंड खोटं बोलतंय. चाळीस वर्सं बायांचे हात दाबून बांगड्या भरतीया म्या, हात कधी खोटं बोलत न्हाय. जिला सासरी जायाचं असतं ना, तिचा अंगठा आपून होऊन तळव्यात वळतो, बांगडी अशी सरकन जाती. जिला जायाचं नसतं तिचा अंगठा दगड. दहा बांगड्या फुटल्या तरी वळत न्हाय. तुमचा पेपर एक दिस शिळा येतो, माझी खबर ताजी.

महालिंगप्पा : मग? अंगठा?

सकिनाबी : आधी मला तुमचं परस बघायचंय.

महालिंगप्पा : परसात काय हाय बघायला? अंगठ्याचं सांगा.

सकिनाबी : नक्को. तिनं कसम घातलीया. आधी परस बघ, मग तोंड उघड.

महालिंगप्पा : त्यो भाग नाजूक हाय, सकिनाबी. तिथं अजून कुणाची फौज न्हाय, कुणाचा ताबा न्हाय. जैसे थे ठिवलाय. मधी तुमी पाऊल टाकलं की—

जाफर : जाऊ द्या की, अप्पा. तिकडं सुवेझवर बी युनोची फौज उतरणारच हाय. निळ्या टोप्या घालून.

महालिंगप्पा : ह्यांच्या डोस्क्यावर कुठं निळी टोपी हाय?

जाफर : खालाची ओढणी बघा.

महालिंगप्पा : ...निळी हाय.

सकिनाबी : काय बोलताय रे तुमी दोघं? नीळ जास्त पडली धुताना, म्हणून निळी हाय. अन् कसला नाजूक भाग? त्या भागाचं नाव वांग्याचा वाफा. तिचा वाफा. आषाढात काय केलं तुमी तिथं? सांगा, तुमच्याच तोंडानं.

महालिंगप्पा : मिसरच्या नासरनं कालवा आपल्या सरकारात जमा केला. गावाला त्याचं महत्त्व कळंना. शेजारचा गुंडाप्पा म्हणला, कालवाच हाय ना, मग जहाजं दुसऱ्या वाटंनं नेऊ द्या. आता अडाणी माणसाला सुवेझ समजवायचा कसा? म्हणून नमुना केला. हातभर रुंद, इतभर खोल. न्हाणी म्हंजे भूमध्य समुद्र, गोठा म्हंजे तांबडा समुद्र.

सकिनाबी : अन् मधी?

महालिंगप्पा : मधी... भूगोलाला इलाज न्हाय. मधी वांगी हुती.

जाफर : काड्यापेट्यांची जहाजं केलती, खाला. म्याच केली. कडूनिंबाच्या काड्यांची डोलकाठी. अन् न्हाणीतनं काकी पाणी सोडायच्या.

सकिनाबी : ती सोडायची?

जाफर : त्यांना सांगितलं न्हवतं. त्या अंघोळ करायच्या, हिकडं भरती यायची.

सकिनाबी : या अल्ला.

जाफर : पहिल्या दिवशी चार माणसं आली बघायला. दुसऱ्या दिवशी पस्तीस. नळदुर्गाहून बी दोघं आलते. बायकोमाणसाच्या अंघोळीचं पाणी येतंय कवा, म्हणून पस्तीस माणसं परसात चवड्यावर बसलेली. वाफ्यात. वांग्यावर. एक रोप जागेवर ऱ्हायलं न्हाय.

महालिंगप्पा : शास्त्रीय कारणासाठी बसली हुती.

सकिनाबी : अन् ती न्हाणीतनं भाईर आली.

जाफर : आल्या. बघितलं. सैपाकघरात गेल्या, चटणी वाटायचा पाटा घिऊन आल्या. एकटीनं उचलून. अन् नेमकं इंग्रजाचं जहाज मधोमध आलं तवा कालव्यात टाकला. धाडदिशी. पाणी फुटलं ते समदं इजिप्तात.

सकिनाबी : इजिप्त कुठं हुतं?

जाफर : गोवऱ्यांच्या ढिगाला म्हणलं हुतं. पंधरा दिस चूल पेटली न्हाय अप्पांची.

महालिंगप्पा : पर एक मानावं लागंल. आता ह्या महिन्यात नासरनं काय केलं? जहाजं बुडवून कालवा बंद केला. जगातली मोठी मोठी माणसं तोंडात बोट घालून बसली. माझ्या परसात हे तीन महिने आधी झालतं.

जाफर : व्हय. नासरला उशिरा सुचलं.

सकिनाबी : मग पंचमीला तिचा भाऊ बसवराज मुराळी म्हणून आला, तिला माहेरी घिऊन गेला. सगळ्याच बाया जात्यात पंचमीला, त्यात काय न्हाय. पर पंधरा दिसांनी आणायला जायला पायजे हुतं, तुमी गेला न्हाईत. गौरीला न्हाईत, दसऱ्याला न्हाईत. दिवाळीचा पाडवा गेला, नवऱ्याला ओवाळायचा दिस, तुमी हितं इंग्रजाला बोलत बसला. आता आळंदच्या बाया तिला आडून इचारत्यात, नवऱ्यानं टाकलं का म्हणून. तिथं तिचं काय होत असंल?

महालिंगप्पा : ...असं इचारत्यात?

सकिनाबी : माझ्यासमोर इचारलं. बांगड्या भरताना.

महालिंगप्पा : म्या टाकीन कसा? डोकं ठिकाणावर हाय का त्यांचं? म्या जाणारच हुतो. कोट...

जाफर : कोट झालाय.

महालिंगप्पा : तसं न्हवं. सकिनाबी, तुमाला आतलं सांगतो. असल्या मामल्यात जो आधी हलंल त्यो हरला. म्या गेलो असतो तर सासरा म्हणला असता, आला नाक घासत. ती आली असती तर लोक म्हणलं असतं, आली मुकाट्यानं. म्हणून दोघंबी जिथल्या तिथं. ह्याला समतोल म्हणत्यात. सगळं जग असंच चाललंय.

सकिनाबी : म्हणून तर जगाचं तोंड असं झालंय. उठा. परसाचं दार कुठलं, हे का?

महालिंगप्पा : जावा. पर एकट्या जावा. कुणाच्या बाजूनं जाऊ नका.

(सकिनाबी मागच्या दारानं परसात जाते.)

जाफर : अप्पा, घाम आलाय तुमाला.

महालिंगप्पा : कार्तिकात ऊन लागतंय.

जाफर : सावलीत बसलाय तुमी.

महालिंगप्पा : काय बघत असंल रे ती एवढा येळ? वाफा केवढा, बघायचं केवढं. तिला सांगितलं काय असंल तिनं? कालवा मोजायला लावला असंल का? म्या आणखी खणलाय का, हे बघायचं असंल. खणला न्हाय. एक इत बी न्हाय. तू साक्षीला हाईस.

जाफर : म्या साक्षीला हाय. पर अप्पा, तुमी बुजवला बी न्हाय.

महालिंगप्पा : बुजवायचा तर मधला पाटा उचलावा लागतोय.

जाफर : मग उचलायचा. दोघांनी उचलला असता. तीन महिने तुमी भाकरीसंगं नुसता कांदा खाताय. शेंगदाण्याचं पोतं दुकानात, मिरचीचं पोतं दुकानात, अन् चटणी न्हाय. गुंडाप्पाची बायको म्हणाली हुती, पाटा द्या, म्या वाटून देते. तुमी तिच्या अंगावर गेला.

महालिंगप्पा : अंगावर गेलो न्हाय. निषेध नोंदवला.

जाफर : आली खाला.

सकिनाबी : अप्पा.

महालिंगप्पा : बोला. अहवाल काय?

सकिनाबी : कालव्यात गाळ हाय. काड्यापेट्या कुजल्यात. दोन्ही कडंला गवत माजलंय. बेडूक हाय एक.

महालिंगप्पा : व्हय, दुर्लक्ष झालं थोडं.

सकिनाबी : समदं चिखलानं बरबटलंय. पाटा तेवढा सोच्छ हाय. कालच घासल्यावानी. जिथं टाकला तिथंच, तसाच तिरका, पर धुतलेला. कोण धुतंय?

महालिंगप्पा : ...पाऊस पडतो की.

सकिनाबी : दिवाळीनंतर कुठला पाऊस?

जाफर : रोज सकाळी दोन तांबे पाणी घिऊन जात्यात, खाला. म्या तर समजत हुतो, अप्पा कालव्याची पातळी मोजत्यात.

महालिंगप्पा : तू तुझं शीव रे.

सकिनाबी : मग उचलून आत का न्हाय आणला? सांगा, अप्पा. हे तिलाच सांगायचंय मला, नीट सांगा.

महालिंगप्पा : तिनं ठिवलाय. तिनंच उचलावा.

सकिनाबी : हे रागानं म्हणताय का कसं?

महालिंगप्पा : पहिल्या महिन्यात रागानं म्हणत हुतो. आता... आता तसंच म्हणतोय. घरात तिच्या हातचं तेवढंच जागेवर हाय. बाकी समदं म्या हलवून ठिवलंय, काय सापडत न्हाय.

सकिनाबी : बस. एवढंच बघायला पाठवलं हुतं तिनं. आता ऐका. ती म्हणाली, सकिनाबी, पाटा काढून कालवा पुन्यांदा चालू केला असंल तर समजायचं, त्यांना जहाजं पायजेत. पाटा आत नेऊन दुसऱ्या कुणाकडनं चटणी वाटून घेत असले तर समजायचं, त्यांना चटणी पायजे. अन् पाटा तिथंच असला तर...

महालिंगप्पा : तर?

सकिनाबी : हात फुडं केला, म्हणाली, भर बांगड्या.

महालिंगप्पा : अन् अंगठा?

सकिनाबी : वळला.

महालिंगप्पा : सरकन?

सकिनाबी : बारा गेल्या, एक फुटली न्हाय.

जाफर : अप्पा, गूळ खावा. पाणी प्या. तोंड मिटा.

महालिंगप्पा : म्हंजे यायला तयार हाय. चांगलं. लई चांगलं. पर आता बाकीच्या गोष्टी. ती म्हैसूर राज्यात. परवाना लागणार. निजामाच्या येळंला सोलापूरला जाताना करोडगिरीचा नाका हुता की न्हाय? जकात घेतल्याबिगर कापडाचा धागा हिकडं येऊ देत न्हवते. माझ्या लग्नाच्या साली म्या सोलापुरातनं तीन धोतरं एकावर एक नेसून आलो. नाकेदार म्हणला, शेठ, जाताना वाळलेले हुता, एका दिसात लई बाळसं धरलं. तवा सोलापूर परमुलूख हुतं, आळंद घरचं. आता सोलापूर घरचं झालं, आळंद परमुलूख. नाका काय वाऱ्यावर सोडला असंल का सरकारनं? उचलून हद्दीवर ठिवला असणार.

सकिनाबी : म्या आज सकाळी त्याच वाटंनं आले. हद्दीवर पाण्याचा वडा हाय, वड्यात एक म्हैस बसलीया. शिंगं तिकडं, शेपूट हिकडं. तिला बी कुणी परवाना मागितला न्हाय.

महालिंगप्पा : तुमाला बी न्हाय?

सकिनाबी : मला म्हशीनं बी इचारलं न्हाय.

महालिंगप्पा : बरं. समजा नाका न्हाय. तरी सासरा हाय. त्याच्या वट्ट्यावर पंचवीस माणसं बसलेली असणार, त्यांच्यासमोर म्या...

सकिनाबी : वट्ट्यावर जायाचं न्हाय तुमाला.

महालिंगप्पा : मग कुठं?

सकिनाबी : वड्यापाशी. चिंचंखाली. बसवराज गाडी घिऊन थांबलाय, ती गाडीत बसलीया. पहाटं आमी संगंच निघालो आळंदहून. मला म्हणाली, तू फुडं जा, पाटा बघ. हलला असला तर जाफरच्या हाती निरोप धाड, म्या मागं फिरते. हलला नसला तर त्यांना घिऊन ये. बसवराज वडा ओलांडणार न्हाय. माहेरचा माणूस न्यायला येतो, पोचवायला येत न्हाय. आणायला नवऱ्यानं जायाचं. हे काय नेहरूनं केलेला कायदा न्हाय, पर बायका पाळत्यात.

महालिंगप्पा : आता? वड्यापाशी? आता बसलीया?

सकिनाबी : सकाळपासनं. चार कोसांवर.

महालिंगप्पा : जाफर! आरं, म्हंजे... थांब. ह्याचा अर्थ काय होतो? आळंदहून वड्यापर्यंत ती आली. म्हंजे आधी ती हलली. म्हंजे एका दृष्टीनं बघितलं तर माघार—

सकिनाबी : अप्पा.

महालिंगप्पा : काय?

सकिनाबी : हे वाक्य हितंच संपवा. गाडीत काढू नका.

महालिंगप्पा : न्हाय काढत. नुसतं एक विश्लेषण म्हणून—

सकिनाबी : विश्लेषण बी हितंच ठिवा. पोत्याखाली.

जाफर : कोट घाला, अप्पा. हात वर. असा. गळा बंद करू का उघडा?

महालिंगप्पा : तिला कसा बरा वाटंल?

जाफर : तीन महिन्यांत पहिल्यांदा बरोबर सवाल इचारला तुमी. उघडा ठिवा. दम लागणार हाय.

महालिंगप्पा : गड्याला म्हणावं, दमणी गाडी जुंप, म्हाताऱ्या बैलाला घिऊ नको, त्यो वाटंत इचार करतो. सकिनाबी, तुमी चला संगं. मधी कुणी तरी पायजे. पहिलं वाक्य काय बोलू म्या? आढेवेढे न घेता बोलायचं का थोडं इकडचं तिकडचं? म्हंजे हवापाण्याचं?

सकिनाबी : 'चल' म्हणा.

महालिंगप्पा : एवढंच? त्यात काहीच भूमिका येत न्हाय.

सकिनाबी : भूमिका नक्को. 'चल' म्हणा अन् हात फुडं करा, उतरताना धरायला. बारा बांगड्या हायत, एक फुटली तर मला सांगा, म्या फुकट भरीन.

महालिंगप्पा : अन् ती काय म्हणंल?

सकिनाबी : ते मला कसं म्हाईत?

महालिंगप्पा : रशियाचं सांगता येतंय. अमेरिकेचं सांगता येतंय. हिचं सांगता येत न्हाय. वीस वर्सं झाली. जाफर, वाफ्याचं बघून ठिव. न्हाय, नको. पाट्याला हात लावू नको. त्यो तसाच. दाखवायचाय.

जाफर : आन् कालवा?

महालिंगप्पा : तिला इचारून बुजवू. का त्यातनंच वांग्याला पाणी द्यायचं, ते बी तिलाच इचारू. न्हाणीला मात्र आधी आडोशाच्या ताट्या लावाव्या लागतील.

जाफर : सोलापूरची मोटार आली बघा. कंडक्टरनं पेपर टाकला. अप्पा, पहिल्या पानावर लई मोठं काय तरी हाय. निळ्या टोप्यांचंच दिसतंय. गाडी जुंपस्तोवर वाचून दाखवू?

महालिंगप्पा : घडी मोडू नको. तराजूपाशी ठिव.

जाफर : अन् गिऱ्हाईकं इचारतील, जगाचं काय झालं म्हणून?

महालिंगप्पा : म्हणावं, सांजच्याला या. ती आली की वाचणार हाय. कुणी तरी इचारायला पायजे ना रे, त्यात आपलं काय म्हणून.